कोपर टेकवून

वाचनालयाच्या तळमजल्यावर, जिना उतरताच उजव्या हाताला, जिथे पूर्वी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचून ठेवीत असत, ती खोली गेली अकरा वर्षे खेळांची झाली होती. भिंतींना लागून पाच मांडण्या, मांडण्यांवर पट, सोंगट्या, पत्ते आणि फासे यांचे दोनशे सत्तावीस डबे, मधोमध एक लांब टेबल, आणि टेबलाच्या टोकाशी पाठ ताठ ठेवून बसलेल्या मावशी. त्या नेमक्या कोणाच्या मावशी, हा प्रश्न आता कोणालाच पडत नसे. पहिल्याच वर्षी कोणा एका मुलाने त्यांना खेळमावशी अशी हाक मारली, आणि तेव्हापासून त्यांचे खरे नाव हजेरीपटापुरते उरले.

घरोघरच्या माणसांना घरी नेण्यासाठी खेळ सुचविणे, हे त्यांचे काम. ते काम त्या एखाद्या जाणत्या वैद्याने नाडी पाहावी अशा गांभीर्याने करीत. आलेल्या कुटुंबाला त्या आधी बसवीत, मग तीन प्रश्न विचारीत. घरात खेळणारी माणसे किती? एका जागी किती वेळ बसवते? आणि हरल्यावर कोण रुसते? तिसऱ्या प्रश्नाला मुले आईकडे बोट दाखवीत, आई बापाकडे पाही, आणि बाप छताकडे. तेवढ्यावरून मावशींना त्या घराचे अर्धे चरित्र कळून येई. मग त्या उठत, मांडणीपुढे क्षणभर डोळे मिटून उभ्या राहत आणि एकच डबा काढून आणीत. दोन कधीही नाही.

प्रत्येक डब्यात झाकणाच्या आतल्या अंगाला दोऱ्याने बांधलेली एक पातळ वही असे. खेळ परत करताना त्यात एक तरी ओळ लिहिलीच पाहिजे, असा मावशींचा दंडक होता. कोण जिंकले ते लिहायचे नाही. खेळताना काय झाले ते लिहायचे. त्या वह्या त्या मोठ्या आदराने वाचीत, कारण माणसे एकमेकांशी बोलताना जे बोलत नाहीत ते पुष्कळदा तिथे लिहून जातात, असा त्यांचा अनुभव होता.

वरच्या मजल्यावरचे ग्रंथपाल त्यांची थट्टा करीत.

"मावशी, तुमच्यासमोर उभं राहिलं की मला तोंडी परीक्षेला आल्यासारखं वाटतं."

"मग अभ्यास करून येत जा," मावशी म्हणत.

"आणि नापास झालो तर?"

"तर तुम्हाला चिमुकल्यांच्या मांडणीवरचा सापशिडीचा डबा देईन. तोही नियम वाचून दाखवून."

नियम हा मावशींचा हळवा कोपरा होता. ज्याने खेळ घडविला त्याने रात्रंदिवस विचार करून ते शब्द योजले असणार, तेव्हा त्यांचा मान राखलाच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा. घरी कोणी कसे खेळावे यावर त्यांचा अधिकार नव्हता. परंतु त्या टेबलावर छापील नियमच चालत. "आमच्या घरी ना मावशी, सहा पडला की दोनदा खेळतात," असे कोणी म्हटले, तर "घरचं घरी," एवढेच उत्तर मिळे.

अशा त्या मावशींकडे तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी एक बाई आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. बाई शिक्षिका असाव्यात, बोटांना खडूची भुकटी होती. मुलगी तर आल्याआल्या बोलू लागली ती थांबेचना. दोनशे सत्तावीस म्हणजे आठवड्याला एक नेला तरी सगळे खेळायला किती वर्षे लागतील, ते तिने जिन्यातली पाटी वाचून पायऱ्या उतरतानाच मोजले होते म्हणे.

"हिला तिचे आजोबा टिकटिक म्हणतात," आई हसून म्हणाल्या. "त्यांच्यासाठीच आलेय मी. माझे बाबा आता आमच्याकडे राहायला आलेत. दुकान बंद केलं त्यांनी, डोळे दमले म्हणतात. दिवसभर खिडकीशी बसून असतात. हिच्याबरोबर काही खेळले तर दोघांनाही बरं."

मावशींनी आपले तीन प्रश्न विचारले. आणि मग, सहज, "कसलं दुकान होतं?"

"घड्याळदुरुस्तीचं. चाळीस वर्षं."

ते ऐकताच मावशींचे मुख उजळले. तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलणारी, केसासारख्या स्प्रिंगा बसविणारी बोटे! त्यांनी डोळेही मिटले नाहीत. थेट तिसऱ्या मांडणीवरून मनोऱ्याचा डबा काढला. लाकडाचे अठ्ठेचाळीस ठोकळे, तीन-तीनांचे सोळा थर. प्रत्येकाने आपल्या पाळीला खालचा एक ठोकळा अलगद ओढायचा आणि वर ठेवायचा. ज्याच्या हातून मनोरा कोसळेल तो हरला.

"डोळ्यांवर ताण नाही यात," त्या मुलीला म्हणाल्या, "सगळं बोटांवर. सांभाळून राहा हो, तुझे आजोबा तुला हरवणार."

आज तो डबा परत आला होता. आईंनी तो टेबलावर ठेवला तो जरा घाईनेच. मुलगी त्यांच्या मागे उभी होती आणि, मावशींच्या लगेच ध्यानात आले, एक अक्षरही बोलत नव्हती.

"छान होता खेळ," आई म्हणाल्या.

अकरा वर्षांत मावशींनी अनेक तऱ्हांचे 'छान' ऐकले होते. हे त्यांतले सर्वांत वाईट. त्यांनी झाकण उचलून वही उघडली. शेवटच्या ओळी पेन्सिलीने, गोलगोल अक्षरांत लिहिलेल्या होत्या.

*आजोबा आता माझ्याशी खेळत नाहीत. मी हसले म्हणून.*

मावशींनी वही मिटली. मग त्या मुलीला म्हणाल्या, "बाळा, माझं एक काम करशील? अठ्ठेचाळीस ठोकळे आहेत का ते मला रचून दाखव. मोजदाद करायची राहिलीय माझी." ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ठोकळे मांडू लागली, तसे त्यांनी आईंना खिडकीशी नेले.

"काय झालं, ते सांगा."

आईंनी ओठ मुडपले. "मलाही त्या दिवशीच कळलं हो. पहिल्याच पाळीला बाबांनी हात पुढे केला आणि बोट लागतंय न लागतंय तोच सगळं खाली. हिला वाटलं, मुद्दाम पाडलं. हसली. म्हणाली, 'आजोबा, चिटिंग!' परत रचलं. परत तेच. तिसऱ्या वेळी हिनं त्यांचा हात पाहिला. हसता हसता थांबली. पण बाबांनी तिचं हसणंच पाहिलं. उठले आणि खोलीत गेले."

"हात कापतो त्यांचा?"

"दोन्ही. वर्ष होऊन गेलं असणार. चहाचा कप अर्धाच भर म्हणायचे, मला वाटायचं चहा कमी केलाय. सहीसुद्धा मला करायला सांगायचे, चष्मा सापडत नाही म्हणून. दुकान डोळ्यांपायी बंद केलं नाही त्यांनी." त्यांनी डोळे पुसले. "तीन आठवडे झाले, आमच्या टेबलावर जेवायलाही बसत नाहीत. ताट खोलीत नेतात. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, घड्याळ जुनं झालं की चालतं तसं चालू द्यावं. आणि ही... हिची टिकटिकच बंद झाली."

मावशी उभ्याच राहिल्या. आपण वाचलेल्या सर्व वह्या, आपण मिटलेले डोळे, आपली ती ख्याती, हे सारे त्यांना त्या क्षणी फार उथळ वाटू लागले. धंद्याचे नाव ऐकले आणि माणूस पाहिला नाही. एका वृद्धाने वर्षभर मोठ्या कष्टाने झाकून ठेवलेली गोष्ट आपण डब्यात घालून, वर नातीच्या हाती देऊन, त्याच्या पुढ्यात उघडी केली.

"दुसरा एखादा खेळ सुचवता का?" आई म्हणाल्या. "हात न लागणारा?"

मावशींच्या मनात तत्क्षणी चार डबे उभे राहिले. त्यांनी चारही मनातल्या मनातच परत मांडणीवर ठेवले. "तो खेळ का निवडलाय ते त्यांना झाकण उघडायच्या आधी कळेल. ते कुठे असतात या वेळी?"

"आलेत आमच्याबरोबर. वर पेपर वाचत बसलेत. खाली यायचं नाही म्हणाले."

मावशी खोली उघडी असताना कधी जागा सोडीत नसत. त्या दिवशी त्यांनी ती सोडली. जिन्यावर त्यांना ग्रंथपाल भेटले. "मावशी? वर? आग लागली की काय खाली?"

"लागली होती. तीन आठवड्यांपूर्वी. मीच लावली," असे म्हणून त्या पुढे गेल्या.

वाचनकक्षात एकच म्हातारे गृहस्थ होते. उंच, सडपातळ, शर्टाचे वरचे बटणही लावलेले. बाकीचे वाचक वर्तमानपत्र हातांत धरून वाचतात. यांनी ते टेबलावर पसरले होते आणि दोन्ही तळहात त्यावर दाबून ठेवले होते. पान उलटायचे झाले म्हणजे ते इकडेतिकडे पाहून घेत.

"मी खालची खेळवाली," मावशी समोर बसत म्हणाल्या. "मनोरा मी दिला होता."

"चांगला खेळ आहे," ते पानावरून दृष्टी न काढता म्हणाले. "लाकूड चांगलं आहे."

"चूक झाली माझी."

आता त्यांनी वर पाहिले. "माझ्या मुलीनं सांगितलं वाटतं सगळं. मग आता काय, फासा टाकायचा खेळ देणार? त्याला कापरा हातच बरा."

मावशींना हसू आले, आणि आले ते त्यांनी लपविले नाही. "नाही. मी काहीही देणार नाही. मी फक्त चूक सांगायला आले. तुमचं घड्याळाचं दुकान होतं एवढं ऐकलं आणि मी पुढचं काही विचारलंच नाही."

म्हातारे म्हणाले, "बाई, लोक यायचे, घड्याळ समोर ठेवायचे आणि म्हणायचे, बंद पडलंय. ते तर मलाही दिसायचं. मी आधी विचारायचो, पडलं होतं का? पाण्यात गेलं होतं का? एवढ्यात काय झालं याला? ते विचारल्याशिवाय मागचं झाकण उघडायचं नाही, हे माझ्या गुरूंनी पहिल्या दिवशी शिकवलं."

"मला कोणी शिकवलं नाही ते. आता शिकले."

"उशिरा का होईना." पण आवाजातली धार गेली होती.

मावशी उठल्या. दोन पावले गेल्या आणि वळून म्हणाल्या, "एक मात्र तुम्हाला ठाऊक असायला हवं. डब्यातल्या वहीत तुमच्या नातीनं लिहिलंय. आजोबा माझ्याशी खेळत नाहीत, मी हसले म्हणून."

"काय?"

"तेवढंच लिहिलंय. मी हसले म्हणून."

म्हाताऱ्यांचे हात कागदावरून उचलले गेले, आणि ते लपवायचे राहूनच गेले. "म्हणजे ती समजते की मी तिच्यावर रागावलोय?"

"तीन आठवडे समजतेय."

"मला वाटलं, तिला लाज वाटली माझी," ते अगदी हळू म्हणाले. "पोरगी समोर आली की मान खाली घालते. मला वाटलं..." त्यांनी वाक्य सोडून दिले, खुर्ची मागे सारली आणि मावशींच्या पुढे होऊन जिना उतरू लागले. दोन्ही हात खिशांत होते. ग्रंथपालांनी बाजूला होऊन वाट दिली.

खाली मनोरा उभा राहिला होता, सोळाच्या सोळा थर, कोपऱ्याला कोपरा जुळवलेला. आजोबांना दारात पाहताच मुलगी खुर्चीवरून उठली आणि तिने मान खाली घातली.

"अठ्ठेचाळीस आहेत का?" आजोबांनी विचारले.

"आहेत."

"बस." ते तिच्यासमोर बसले. मग त्यांनी खिशांतले हात काढून टेबलावर ठेवले, उघडे, दिव्याच्या उजेडात. ते कापत होते. टेबलावरची पेन्सिल त्याने किंचित टकटकू लागली.

मुलीने त्या हातांकडे पाहिले, निरखून, एखादी नवी वस्तू पाहावी तसे.

"दुखतं?"

"नाही. नुसतं हलतं. मी थांब म्हटलं तरी ऐकत नाही."

"शाळेत आमच्या बाकावरचा मुलगा पण ऐकत नाही."

"त्याला तरी ओरडता येतं."

मुलीच्या ओठाचा कोपरा हलला. पण ती लगेच गंभीर झाली. "आजोबा, मला वाटलं तुम्ही मुद्दाम पाडताय. म्हणून हसले. नंतर नाही हसले."

"ते मी पाहिलंच नाही, टिकटिक. माझं चुकलं. पाहायला हवं होतं." त्यांनी मनोऱ्याकडे मान वळवली. "आणि एरवी हसलीस तरी चालेल. आवाज केवढा होतो पडताना!"

मुलगी विचारात पडली. तिने मनोऱ्याकडे पाहिले, आजोबांच्या हातांकडे पाहिले, मग स्वतःच्या. "तुम्ही सांगा, मी काढते," ती म्हणाली. "कुठला काढायचा आणि कसा, ते तुमचं. हात माझा. आपण दोघं मिळून एक, आणि आई समोर." आणि एकदम तिला काही आठवले. तिने मावशींकडे वळून विचारले, "मावशी, असं चालतं का नियमात?"

नियमपुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर, तिसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिले होते की, प्रत्येक खेळाडूने आपल्या पाळीला ठोकळा स्वतःच्या हाताने काढला पाहिजे. मावशींना ती ओळ मुखोद्गत होती. मागोमाग येऊन दारात उभ्या राहिलेल्या ग्रंथपालांनाही ती मुखोद्गत होती, कारण मावशींनी ती त्यांना दोनदा ऐकविली होती.

मावशींनी पुस्तिका हातात घेतली, उघडली, लांब धरली, जवळ धरली. "बारीक अक्षर आहे गं. माझा चष्मा नाही जवळ."

"नाकावर आहे," मुलगी म्हणाली.

"हो का?" मावशींनी चाचपून पाहिले. "मग बंद पडला असेल."

"पडला होता का?" आजोबांनी गंभीरपणे विचारले. "पाण्यात गेला होता?"

ग्रंथपाल तोंडावर रुमाल धरून जिन्याकडे वळले.

खेळ सुरू झाला. आईंनी पहिला ठोकळा काढला. मग आजोबा पुढे वाकले. त्यांनी मान तिरकी करून थराथराच्या फटींमधून आरपार पाहिले, आणि मावशींना जाणवले की, हे डोळे मुळीच दमलेले नाहीत.

"खालून पाचवा. मधला. तिथून उजेड येतोय बघ, म्हणजे त्याच्यावर भार नाही."

मुलीने हात पुढे केला.

"थांब. हात हवेत नाही. हवेत धरलेल्या हातानं कुठलंच बारीक काम होत नाही, तो कोणाचाही हात असो. आधी कोपर टेकव टेबलावर. हं. आता मनगट. आता श्वास सोड."

"घेऊ का सोडू?"

"सोड. सगळा. आणि सोडून झाला की घ्यायच्या आधी जी जरा उसंत असते ना, तेवढ्यात काढायचा."

मुलीने कोपर टेकले, गाल फुगवून श्वास सोडला, आणि ठोकळा लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला.

"आई! पाहिलंस? आई, पाहिलंस ना? आजोबा, हे तुम्ही घड्याळाला करायचात? श्वास पण? रोज? मग तुम्ही दिवसातून किती वेळा श्वास सोडायचात?" टिकटिक सुरू झाली होती. आजोबा उत्तर देत होते, मध्येच "वर ठेवताना घाई नको" म्हणत होते, आणि आई स्वतःची पाळी आली हे विसरून त्या दोघांकडे पाहत राहिल्या होत्या.

तेरा ठोकळे निघाले. चौदाव्याच्या वेळी आजोबांनी पुष्कळ वेळ न्याहाळून "तळातून तिसरा थर, डावीकडचा" असे सांगितले. मुलीने सर्व काही यथासांग केले, कोपर, मनगट, श्वास. परंतु ठोकळा मध्येच अडला, मनोरा डुलला आणि प्रचंड आवाज करीत टेबलभर, जमिनीवर, मावशींच्या मांडीत कोसळला.

क्षणभर मुलीने आजोबांकडे पाहिले. मग दोघेही एकदमच हसू लागले, ती किंचाळत आणि ते आवाज न करता, खांदे हलवीत, त्या हसण्यात हातांचे हलणे मिसळून गेले.

"शांतता!" वरून ग्रंथपालांचा आवाज आला. "वाचनालय आहे!"

"शांतच आहोत!" मावशी ओरडल्या. असे ओरडण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग होता.

ठोकळे गोळा झाले. निघताना मावशींनी वही पुढे केली आणि पेन्सिल मुलीकडे दिली. आजोबांनी मात्र हात पुढे करून ती मागून घेतली. आईंनी कसलासा आवाज केला आणि लगेच गिळून टाकला. आजोबांनी आधी कोपर टेकविले, मग मनगट. पुष्कळ वेळ लागला. मग त्यांनी वही नातीकडे सरकविली. तिने वाचले, पेन्सिल घेतली आणि खाली भराभर काही लिहिले.

मावशींनी तो डबा पुन्हा त्याच घराच्या नावावर चढविला. आई म्हणाल्या, "बाबा, येत्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊ या का?" आजोबांनी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही, "आधी हिला माझ्या हत्यारांच्या पेटीतली घासायची सहाण काढून दे," एवढेच म्हणाले. मुलगी डबा छातीशी धरून पुढे निघाली तेव्हा मावशींनी तिला थांबवून झाकण क्षणभर उघडले, कारण वाचल्यावाचून डबा बाहेर सोडणे त्यांना शक्य नव्हते.

वरची ओळ वाकडीतिकडी होती, अक्षरे एकमेकांना धक्के देत चालली होती, तरी एकही चुकलेले नव्हते.

*तळातून तिसरा थर, डावा ठोकळा जाड आहे. घासून घ्यावा लागेल.*

आणि तिच्या खाली, गोलगोल अक्षरांत:

*उद्या मी घासणार. आजोबा सांगणार.*